तीन देशांचे वस्ताद

वाचकहो, आपल्या घरातील तिशी-चाळिशीच्या मंडळींना सिंगापूरच्या फुटबॉल संघाचा सर्वांत मोठा प्रशिक्षक कोण असे विचारले, तर ती क्षणाचाही विलंब न लावता अव्रामोविच यांचे नाव घेतील. त्यात चूक काही नाही. राडोइको अव्रामोविच हे सर्बियाचे गृहस्थ तरुणपणी नामांकित गोलकीपर होते. इंग्लंडमध्ये नॉट्स काउंटी संघाकडून ते खेळले, कुवेत आणि ओमान या देशांचे संघ त्यांनी सांभाळले आणि २००३ साली ते आपल्याकडे आले. २०१२ पर्यंत ते येथे होते आणि तेवढ्या अवधीत आग्नेय आशियाचे अजिंक्यपद सिंगापूरने तीन वेळा पटकावले. फुटबॉलपटू म्हणून कारकीर्द संपल्यावर परमुलखात जाऊन राष्ट्रीय संघ घडविणे हे सोपे काम नव्हे.

पण हाच प्रश्न सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना विचारून पाहावा. यिशुनमधल्या कुठल्याही इमारतीखाली संध्याकाळी गप्पा मारीत बसलेल्या वृद्धांना, मग ते चिनी असोत, मलय असोत वा आपले भारतीय असोत, हा प्रश्न टाकला की उत्तर एकच येते : अंकल चू. आडनावापुढे काका जोडून साऱ्या बेटाने ज्यांना हाक मारली असे माणूस क्वचितच होतात. त्यांचे पूर्ण नाव चू सेंग क्वी. त्यांना जाऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या मुलाबाळांना ते ठाऊक नसावेत, याचे आम्हांला वाईट वाटते, म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द.

चू यांचा जन्म १९१४ साली सिंगापुरात झाला. ते तरुण झाले तेव्हा येथील फुटबॉल जातवार वाटलेला होता. चिन्यांची संस्था निराळी, मलय लोकांची निराळी, भारतीयांची निराळी, युरेशियनांची निराळी, आणि गोऱ्या साहेबांचे क्लब तर अर्थातच निराळे. आपापसांत हे सारे ईर्षेने खेळत. वर्षातून एकदा मात्र त्यांतले निवडक खेळाडू एकत्र येऊन सिंगापूरचा संघ होई व तो मलाया चषकासाठी द्वीपकल्पातील राज्यांशी झुंजे. हा चषक १९२१ साली सुरू झाला. मलाया नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरील मंडळींनी तो भेट दिला होता, आणि पहिल्याच वर्षी तो सिंगापूरने जिंकला होता. चू हे १९३० नंतरच्या दशकात चिनी संघातून व सिंगापूरच्या संघातून खेळले. त्यांची जागा सेंटर-हाफची, म्हणजे बचावाच्या मधोमध. या जागेवरून सारे मैदान समोर दिसते, कोण दमला, कोण चुकला, कोणाचे लक्ष नाही, हे सर्व कळते. पुढे त्यांनी जे केले त्याचे शिक्षण त्यांना तेथेच मिळाले असावे असे आम्हांला वाटते.

१९४२ ते १९४५ ही जपानी अमलाची वर्षे कशी गेली हे आपल्या वाडवडिलांनी आपल्याला सांगितलेच आहे. युद्ध संपले तेव्हा चू तिशीत पोचले होते. खेळाडूचे वय सरत आले होते, आणि ते शिकविण्याकडे वळले.

येथे एक गंमत सांगावयास हवी. १९५१ च्या मार्च महिन्यात नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. इंडोनेशिया हे तेव्हा नवस्वतंत्र राष्ट्र. त्यांनी आपल्या फुटबॉल संघासाठी प्रशिक्षक म्हणून सिंगापूरच्या या चिनी गृहस्थांना नेले होते. पहिल्याच सामन्यात गाठ पडली ती यजमान भारताशी, आणि भारताने तो सामना ३-० असा जिंकला. भारतीय संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे पेशाने शिक्षक. भारताने पुढे इराणला हरवून सुवर्णपदक मिळविले. म्हणजे आपल्या अंकल चूंची परदेशातील कारकीर्द भारताकडून मार खाऊन सुरू झाली.

इंडोनेशियात ते १९५३ पर्यंत राहिले. त्यांच्यानंतर त्या संघाची सूत्रे गेली ती युगोस्लाव्हियाचे माजी खेळाडू टोनी पोगाच्निक यांच्याकडे. पोगाच्निक यांच्या संघाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बलाढ्य रशियाला पहिल्या सामन्यात शून्यावर रोखून धरले. त्या पराक्रमाचे श्रेय पोगाच्निकांचे, यात शंका नाही. पण त्या संघाची आधीची मशागत कोणी केली होती, हे इतिहास लिहिणारे बहुधा विसरतात.

१९५७ साली मलाया स्वतंत्र झाला. पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान हे फुटबॉलचे मोठे वेडे. देशाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्षही तेच. स्वातंत्र्याच्या निमित्ताने त्यांनी क्वालालंपूरला मर्डेका स्पर्धा सुरू केली आणि आशियातले संघ तिकडे बोलावले. पहिल्या वर्षी चषक हाँगकाँगने नेला. यजमानांच्या ते फार मनाला लागले असणार. १९५८ पासून चू मलायाच्या संघावर आले, आणि पुढची तीन वर्षे चषक घरातच राहिला : १९५८, १९५९, आणि १९६० साली दक्षिण कोरियासह संयुक्तपणे. १९५९ साली दुसरा क्रमांक भारताचा होता, म्हणजे दिल्लीचे उट्टे निघाले म्हणावयास हरकत नाही. त्यानंतरची दोन वर्षे चषक इंडोनेशियाने, म्हणजे पोगाच्निकांच्या संघाने नेला. ज्या घराचा पाया घातला त्याच घराने दार अडविण्याचा हा प्रकार.

मलायाचा तो संघ पाहण्यासारखा होता. पुढच्या फळीत अब्दुल घनी मिन्हात हा गोल करणारा कसबी खेळाडू, बचावात गोविंदराजू, शिवाय चिनी, युरेशियन अशी सर्व जातींची मुले. जातवार संघांत स्वतः वाढलेल्या माणसाने हा मेळ घातला, हे आम्हांला विशेष वाटते. १९६१ साली रंगूनला आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय स्पर्धांत मलायाने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, आणि १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्राँझपदक. त्या ब्राँझपदकासाठी त्यांनी दक्षिण व्हिएतनामचा ४-१ असा फडशा पाडला.

जाकार्ताच्या त्याच स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले, हे भारतातल्या जुन्या लोकांना अजून पाठ आहे. एक लाख प्रेक्षक, भारताविरुद्ध ओरडणारे, कारण राजकारणामुळे वातावरण तापलेले, आणि तशात अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ असा विजय. त्या संघात मुंबईच्या टाटा संघाचा गोमंतकीय खेळाडू फॉर्चुनॅटो फ्रँको होता, म्हणजे मुंबईच्या कूपरेज मैदानाचाही त्यात वाटा. प्रशिक्षक पुन्हा तेच रहीमसाहेब. त्यांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते आणि पुढच्याच वर्षी, १९६३ च्या जून महिन्यात, ते गेले. दिल्लीत समोरासमोर उभे राहिलेले दोन वस्ताद अकरा वर्षांनी जाकार्तात पुन्हा एकाच स्पर्धेत होते, एक सुवर्ण घेऊन तर एक ब्राँझ घेऊन. आणि रहीमसाहेबांप्रमाणेच चू यांनाही पुढे आजारी देहानिशी आपला शेवटचा मोठा चषक जिंकावयाचा होता. पण त्याला अजून पंधरा वर्षे अवकाश होता.

वस्ताद हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावाकडच्या तालमी पाहिलेल्या. तालमीतला वस्ताद पोराला आधी माती झाडावयास लावतो, जोर-बैठका मारून घेतो, दूध-बदामाची चौकशी करतो, रात्री कुठे होतास म्हणून विचारतो, आणि मग कुठे डाव शिकवतो. चू यांची रीत नेमकी अशीच. त्यांच्या सरावात आधी दमसास, मग चेंडूवरचा ताबा, मग दोन्ही पायांचा सारखा वापर, आणि डावपेच सर्वांत शेवटी. शिस्त कडक. उशिरा येणाऱ्याची आणि आळस करणाऱ्याची गय नाही. सिंगापूरचा संघ हाती असताना सराव सुरू होण्यापूर्वी ते मुलांना राष्ट्रगीत गावयास लावीत. आज यिशुनच्या शाळांतून रोज सकाळी मुले झेंड्यासमोर उभी राहून राष्ट्रगीत म्हणतात, त्यात कोणाला नवल वाटत नाही. पण त्या काळी अर्धी चड्डी घालून घाम गाळावयास आलेल्या फुटबॉलच्या पोरांना हे करावयास लावणे म्हणजे अनेकांना विक्षिप्तपणा वाटे. राष्ट्र नवे होते, झेंडा नवा होता. चेंडू आपण कोणासाठी लाथाडतो हे पोराला आधी कळले पाहिजे, अशी चू यांची समजूत होती.

त्यांचे नाव जोडले गेले ते फेरर पार्कच्या मैदानाशी. सेरंगून रोडच्या आपल्या लिटल इंडियापासून हे मैदान हाकेच्या अंतरावर. १९३३ पर्यंत तेथे घोड्यांच्या शर्यती होत, रेसकोर्स रोड हे नाव त्यावरूनच पडले. १९४२ च्या फेब्रुवारीत शरण आलेल्या हजारो भारतीय सैनिकांना जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले तेही याच मैदानावर, आणि आझाद हिंद सेनेची पहिली हाक तेथेच दिली गेली. अशा या मैदानावर चू पोरांना शिकवीत. मंदिरात जाऊन आलेली, बाजारहाट करून परतणारी आपली मंडळी कडेला उभी राहून तो सराव पाहत असत. आपल्याकडचे किती तरी जण फुटबॉल पाहावयास शिकले ते असेच, एका हातात भाजीची पिशवी धरून.

चू यांच्या स्वभावाविषयी मात्र गोडगोड लिहून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाही. ते तापट होते आणि कोणाचे ऐकून घेण्याची त्यांना सवय नव्हती. संघटनेच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडाले. मलायाहून परतल्यावरच्या दहा-बारा वर्षांत ते सिंगापूरच्या संघावर आले, गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. बाजू केवळ त्यांचीच खरी होती असे आम्ही म्हणणार नाही. संस्था चालविणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, आणि एका माणसाच्या मर्जीवर राष्ट्रीय संघ चालत नाही. पण दर वेळी ते गेले की थोड्याच दिवसांत त्यांना परत बोलावण्याची वेळ येई, हेही तितकेच खरे. आपल्याकडे घरातले कडक आजोबा रागावून गावी निघून जातात आणि लग्नकार्य आले की त्यांनाच आणावयास माणूस पाठवावा लागतो, त्यातलाच हा प्रकार.

असा माणूस १९७७ साली त्यांना आणावयास पाठविला गेला, तो आपलाच. फुटबॉल संघटनेची सूत्रे तेव्हा नडेसन गणेशन या भारतीय वंशाच्या वकिलांकडे होती. गणेशन हे मोठे उत्साही. कलांगचे राष्ट्रीय क्रीडांगण १९७३ साली उघडले होते, पन्नास-पंचावन्न हजार माणूस मावेल एवढे, पण फुटबॉल अद्याप जालान बेसारच्या लहान मैदानावरच अडकला होता. मलेशिया चषकाचे सामने कलांगला नेण्याचा आग्रह गणेशन यांनी धरला, क्रीडांगण गच्च भरू लागले आणि त्या गर्जनेला कलांगची गर्जना असे नाव पडले. उणीव एकच होती. चषक येत नव्हता. १९६५ नंतर तो सिंगापूरला मिळालाच नव्हता. १९७५ साली अंतिम सामन्यात सेलांगोरने १-० असे हरविले, १९७६ साली पुन्हा सेलांगोरनेच, आणि या वेळी ३-० असे. गर्जना करून घसे बसले, पण पदरात काही नाही. चू यांच्यासारख्या भांडखोर म्हणून गाजलेल्या माणसाच्या हाती संघ सोपविणे ही जोखीम होती, ती गणेशन यांनी पत्करली. चू तेव्हा ६२ वर्षांचे होते.

त्या वर्षी आधी विश्वचषकाची पात्रता-फेरी सिंगापुरातच झाली. आपल्या मुलांनी थायलंडला २-० आणि मलेशियाला १-० असे हरविले, पण १२ मार्चच्या निर्णायक सामन्यात हाँगकाँगकडून ०-१ असा निसटता पराभव झाला. दुसरा कोणी असता तर खचला असता. चू यांनी मुलांना पुन्हा मैदानावर उभे केले.

संघ कसा होता म्हणाल, तर त्याचा कर्णधार समद अल्लापिच्चे हा भारतीय मुस्लिम घराण्यातला, बचावाचा खडक. डोल्ला कासिम हा कमरेच्या लचकीने समोरच्याला चकविणारा. क्वा किम साँग हा विजेसारखा धावणारा, पाच-सहा भावंडे फुटबॉलमध्ये असलेल्या घरातला. चिनी, मलय, भारतीय, सारे एका ताटातले. पगारी खेळाडू त्यांत कोणी नव्हता म्हटले तरी चालेल. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव.

२८ मे १९७७. क्वालालंपूरचे मर्डेका क्रीडांगण, समोर पेनांगचा संघ. हे तेच मैदान, जेथे चू यांनी मलायाला तीन चषक मिळवून दिले होते. आता ते त्याच मैदानावर पाहुण्यांच्या बाकावर बसले होते. त्या वेळी यिशुनच्या या इमारती उभ्या राहावयाच्या होत्या, येथे नी सून नावाचे गाव होते आणि आपली कुटुंबे कोणी सेरंगूनकडे, कोणी सेंबावांगच्या नाविक तळाच्या बाजूला राहत. ज्याच्या घरी दूरदर्शन-संच त्याच्या घरी साऱ्या शेजाऱ्यांची पथारी, अशी ती रात्र. नव्वद मिनिटे संपली तेव्हा २-२ अशी बरोबरी. जादा वेळात क्वा किम साँगने आपला दुसरा गोल केला आणि सिंगापूरने ३-२ असा सामना जिंकला. बारा वर्षांनी चषक परत आला. त्या रात्री बेटावर कोणी वेळेवर झोपले असेल असे वाटत नाही.

आता जे सांगावयाचे ते सांगताना हात जड होतो. चू यांना मधुमेह होता. त्या मोसमात त्यांच्या पायाला जखम झाली होती. मधुमेही माणसाच्या पायाची जखम म्हणजे काय, हे आपल्या घरांत नव्याने सांगावयास नको. आपल्या दर दुसऱ्या घरात साखरेचा एक तरी रोगी असतो, आणि बोटाला साधे खरचटले तरी डॉक्टर डोळे वटारतात. पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, दुखणे कळत नाही, रक्त नीट पोचत नाही, आणि जखम आतून चिघळत जाते. अशा वेळी पायाला पूर्ण विश्रांती पाहिजे. चू मात्र मैदान सोडावयास तयार नव्हते. चषक हाती येईपर्यंत आपल्या पायाकडे पाहण्यास त्यांना सवड नव्हती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुढे त्यांचा एक पाय कापावा लागला.

यावर लोक दोन तऱ्हांनी बोलतात. कोणी म्हणतात, हा त्याग. कोणी म्हणतात, हा हट्ट. आम्हांला विचाराल तर दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही एकाच माणसात असल्याखेरीज १९७७ चा चषक आला नसता. पण आपल्या घरात कोणी असा हट्ट धरून बसला असेल तर त्याला अंकल चूंचा दाखला देऊ नये. त्याला धरून डॉक्टरकडे न्यावे.

चषकानंतर चू फार काळ संघावर राहिले नाहीत. पण त्यांनी लावलेले वळण मोडले नाही. १९८० साली सिंगापूरने सेलांगोरला हरवून मलेशिया चषक पुन्हा जिंकला. त्या वेळी प्रशिक्षक होते आपले जिता सिंग, आणि मैदानावर होता सतरा वर्षांचा फंदी अहमद. चू यांनी तो विजय डोळ्यांनी पाहिला. ३० जून १९८३ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्ष-दीड वर्षाने, १९८४ च्या डिसेंबरात, आशिया चषकाची स्पर्धा सिंगापुरात भरली आणि कलांगच्या क्रीडांगणावर चक्क भारताचा संघ उतरला. त्या संघाचे प्रशिक्षक होते सर्बियाचे मिलोवान चिरिच, बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबचे जुने खेळाडू. त्यांनी भारतीय संघाला स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत आणले, ही काही लहान गोष्ट नव्हती. इराणसारख्या संघाला त्या मुलांनी गोल करू दिला नाही. पण यजमान सिंगापूरशी गाठ पडली तेव्हा भारत ०-२ असा हरला.

त्या सामन्याला बेटावरची पुष्कळ भारतीय कुटुंबे गेली होती. आमच्या ओळखीच्या एका मराठी घरातले आजोबा आणि नातू असे दोघे तिकीट काढून गेले. आजोबांनी १९५१ च्या दिल्लीच्या सामन्याचे वर्णन वर्तमानपत्रात वाचलेले, नातवाने १९७७ चा चषक शेजाऱ्यांच्या खोलीत जमिनीवर बसून पाहिलेला. सिंगापूरचा पहिला गोल झाला तेव्हा नातू ओरडत उठला, आणि आजोबा बसून राहिले. दुसरा गोल झाला तेव्हा मात्र तेही उठले. घरी येताना बसमध्ये त्यांनी नातवाला फेरर पार्कच्या मैदानाची आणि तेथे पोरांवर ओरडणाऱ्या चू यांची हकिगत सांगितली. त्या नातवाची मुले आज यिशुनच्या मैदानावर खेळतात.